बेरीज आधी, रकाने नंतर

सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माईक दोनदा माझ्याकडे आला आणि दोन्ही वेळा मी तो पुढे सरकवला. लोकांना वाटलं, सुनंदाचा गळा दाटून आला. तसं काही नव्हतं. सतरंज्या, फोटोचा हार, चहा, बाहेरगावहून आलेल्या भजनी मंडळांची जेवणं हे सगळं माझ्याकडे होतं आणि माझा गळा ठणठणीत होता. पण तिथे जो तो एकच गोष्ट सांगत होता. सर काय सुंदर समजावून सांगायचे, हरलेल्या मंडळालाही असं कारण द्यायचे की ते समाधानाने घरी जायचं. मला नेमकं त्याच कारणांबद्दल बोलायचं होतं, आणि भरल्या सभेत ते बरं दिसलं नसतं. म्हणून हे तुमच्या स्मरणिकेसाठी लिहिलं आणि आधी तुमच्या घरी जाऊन काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छाप. त्यायले तुयाशी भांडणं आवडेच."

आवडायचंच तुम्हाला. बसस्थानकावरच्या माझ्या खोलीत येऊन बसायचात, ते भांडायलाच. मी एका हाताने गाड्यांच्या नोंदी करत असायची, मध्येच माईकवर दारव्ह्याची गाडी लागल्याचं सांगायची, आणि तुम्ही बाकावर पाय वर घेऊन विचारायचात की 'गाडी लागली' हे विधान खरं केव्हा ठरतं, चाकं थांबल्यावर की मी बोलल्यावर. कॉलेजात तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवलंत. वर्गात मुली मोजक्याच होत्या आणि त्या विचारत नसत. मी एकदा विचारलं आणि चुकीचं विचारलं. तुम्ही हसला नाहीत. फळ्यावर माझा प्रश्न लिहिलात आणि म्हणालात, "प्रश्न चुकला तर चालते. 'काहून' विचारलं, ते बरोबर आहे." माझ्या घरात तोपर्यंत 'काहून' विचारणाऱ्या पोरीला उद्धट म्हणत. मी नोकरीत टिकले, साहेबांपुढे उभी राहून कागद मागायला शिकले, ते त्या एका वाक्यावर. ते ऋण आहेच. पण त्याच शब्दाचं उत्तर तुम्ही मला शेवटपर्यंत दिलं नाहीत, हेही आहेच.

खंजिरी भजनाच्या स्पर्धांना आपण परीक्षक म्हणून बरोबर जाऊ लागलो, तेव्हा मला तुमची रीत कळली. एक जण खंजिरी वाजवत गातो, मागे पेटी, तबला, टाळ आणि झील धरणारे. परीक्षकांपुढे गुणपत्रिका. सूर, ताल, शब्दोच्चार, खंजिरीवादन, शिस्त असे रकाने आणि खाली एकूण. मी रकाने भरायची, मग बेरीज करायची आणि जी येईल ती मान्य करायची. कधीकधी मला न आवडलेलं मंडळ माझ्याच कागदावर वर यायचं. तुम्ही आधी खाली एकूण लिहायचात. मग वर जाऊन, बेरीज तेवढीच येईल असे रकाने भरायचात. माझ्या डोळ्यांदेखत, निवांत, पान चघळत. आपल्याकडे बहुतेक परीक्षक असंच करतात हे मला नंतर कळलं. मी पहिल्यांदा टोकलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंडळ कसं झालं ते मले ऐकतानाच समजते. रकाने आयोजकायसाठी असते."

मग निकालाआधी परीक्षकांचं मनोगत. मोठ्याने, माईकवर, प्रत्येक मंडळाला दोन वाक्यं. तिथे तुमच्यासारखं कोणी नव्हतं. मागाहून भरलेला रकाना तुम्ही असा समजावून सांगायचात की जणू तो आधीच तिथे होता.

नेरच्या अंतिम फेरीला ढाणकीचं महिला मंडळ आलं. माझी धाकटी बहीण प्रमिला तिथे दिलेली आहे आणि मंडळ तिचंच होतं. मी नियमाप्रमाणे त्या मंडळाला गुण दिले नाहीत, तसं आयोजकांना आधीच सांगितलं. तुम्ही आणि तिसरे परीक्षक असे दोघंच. सगळ्या बायका हिरव्या लुगड्यात, आणि प्रमिला उभी राहून खंजिरी वाजवत गायली. बसून नाही, उभी राहून. मंडपाच्या कडेला गाड्या लावायला आलेले लोकही थांबले. तिचा शब्द मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होता. बहीण म्हणून सांगत नाही. घोषणा करणं हाच माझा धंदा आहे. शब्द कुठवर पोचतो आणि कुठे फुटतो हे मला कळतं.

तुम्ही खाली एकूण लिहिलंत. कमी लिहिलंत. मग पेन वर गेलं, सूर भरला, ताल भरला, आणि बेरीज जुळेना म्हणून शब्दोच्चारात कापलंत. मी शेजारी बसून पाहिलं. मग माईक घेऊन म्हणालात, "ढाणकीच्या भगिनींनी फार गोड गायलं. फक्त उच्चारांकडे लक्ष द्यावं. शब्द पोचला नाही तर भाव पोचत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमिलानेही वाजवल्या. मंडळाला उत्तेजनार्थही नाही.

रात्री ती माझ्याकडेच उतरली होती. तिने मला विचारलं, माझे उच्चार खरंच असे आहेत का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तू बहीण आहे, तू नाहीच म्हणशील. मी तिला शब्द दिला की सरांना विचारून खरं काय ते सांगते. पुढच्या वर्षी मंडळ कुठेच उतरलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मंडळच राहिलं नाही.

मी विचारलं, सर. खोलीत बाकावर तुम्ही बसलेले असताना, कागदावर मुद्दे काढून विचारलं. तुम्ही आधी उच्चारांचंच कारण दिलंत. मी म्हटलं, बेरीज आधी झाली होती, उच्चार मागून आले, मी पाहत होते. तुम्ही म्हणालात की मनात काहीतरी खटकलं होतं खरं. काय खटकलं? त्यावर तुम्ही खिडकीतून पांढरकवड्याच्या गाडीकडे पाहत बसलात, जणू तुम्हालाच त्या गाडीने जायचं होतं.

पुढच्या हंगामात एक पुरुष मंडळ आलं. त्यांचा गवई प्रत्येक ओळीचा शेवट गिळत होता. अर्धी भजनं काय आहेत ते मला कळलं नाही. तुम्ही त्यांना पहिलं दिलंत आणि माईकवर म्हणालात, शब्दापेक्षा भाव मोठा. परतीच्या गाडीत मी म्हटलं, मागच्या वर्षी तर शब्दावाचून भाव पोचत नव्हता. तुम्ही म्हणालात, "एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, सुनंदा. हे मीच तुले शिकवलं." शिकवलं होतंत. मला त्या दिवशी तुमचा विषय नकोसा झाला.

मग तुमच्या मोबाइलमध्ये ते आलं. विचारलं की मराठीत धडाधड उत्तर देणारं एआय. पुतण्याने घालून दिलं आणि तुम्ही महिनाभर दुसरं काही बोललाच नाहीत. पहिले काही दिवस तुम्ही त्याला प्रमाण म्हणजे काय, आत्मा आहे का, असलं विचारत होतात. मी म्हटलं, त्याला कामाचं विचारा. तर तुम्ही त्याला परीक्षक केलंत.

एका भजनी मंडळाचं सादरीकरण तुम्ही सविस्तर लिहून काढलंत. सूर कुठे चढला, ठेका कुठे जरा घसरला, सगळं. ते त्याला दिलंत आणि म्हणालात, रकाने भर, बेरीज कर, कारणं दे. त्याने भरले. मग तोच मजकूर पुन्हा दिलात, फक्त 'पुरुष मंडळ' होतं तिथे 'महिला मंडळ' केलंत. बाकी एक काना बदलला नाही. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा खंजिरीवादनाचे गुण उतरले. कारण काय? आधीच्या मंडळाचा ठेका 'संयत', या मंडळाचा ठेका 'अधिक ठाम हवा'. ठेका तोच, लिहिणारे तुम्हीच. मग गावाचं नाव काढून तिथे तांडा लिहिलात, पुन्हा काही गुण हलले, पुन्हा कारण वेगळं आणि तितकंच सभ्य. बाया आहेत म्हणून, तांड्याचे आहेत म्हणून, असं कुठेही नाही.

तुम्ही लहान पोरासारखे खूश झालात. "पाह्यलं? हा तर आपलाच माणूस निघाला. बेरीज आधी, रकाने नंतर."

मी म्हटलं, खोटारडं आहे ते.

"खोटं कुठं बोलून राह्यलं? खोटं बोलाले खरं माहीत लागते. याले आपल्या आतलं माहीतच नाही."

"मग गप्प काहून बसत नाही?"

"कारण मागितलं की कारण द्यायचं, हे ते आपल्याच लिहिण्यातून शिकलं, बाई."

मी नोंदवहीकडे वळले, तुम्ही बोलतच राहिलात. त्याच्या आत कोणी बसलेलं नाही, म्हणालात, शब्दामागून शब्द येतो, बस. आणि आपल्या आत तरी कोण बसलं आहे? तू माईकवर बोलतं तेव्हा वाक्य आधी ठरवतं का? मी म्हटलं, ठरवते, माझ्यासमोर वेळापत्रक असतं. तुम्ही इतके हसलात की बाहेरचे कंडक्टर डोकावून गेले.

कुठेतरी वाचलेलं तुम्ही मला एक सांगितलंत, ते मात्र मी विसरले नाही. ही यंत्रं बनवणारेच काही लोक ती उघडून पाहतात म्हणे, उत्तर देताना आत काय काय हालतं ते. त्यांनी त्याला साधी बेरीज घातली. आत ते भलत्याच रीतीने ती बेरीज करत होतं, एकीकडे उत्तराचा ढोबळ अंदाज आणि दुसरीकडे फक्त एककाचा अंक. आणि कशी केली म्हणून विचारलं, तर शाळेतली हातचा धरायची रीत सांगत होतं. तुम्ही म्हणालात, म्हणजे त्याचं सांगणं वेगळं आणि करणं वेगळं, आणि दोन्हींत वैर नाही, नुसती ओळख नाही. मला हे पटलं. म्हणूनच मी म्हटलं, सर, त्याला उघडून पाहणारं कोणीतरी आहे. एक शब्द बदलून त्याला पुन्हा विचारता येतं. तुमचं काय? ती दुपार तशीच्या तशी मांडून, प्रमिलाच्या जागी एक पुरुष उभा करून, तुमच्याकडून पुन्हा गुण कसे घ्यायचे?

तुम्ही म्हणालात, तोच तर मुद्दा आहे. मला तो मुद्दा नको होता. मला माझ्या बहिणीचं उत्तर हवं होतं.

मग तुम्ही त्या यंत्राला कबुलीजबाबाला बसवलंत. बाया आहेत म्हणून गुण कमी दिलेस का? नाही, म्हणालं, मी केवळ सादरीकरण पाहिलं. तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून दाबलंत, तर त्याने लगेच माफी मागितली, आपल्याकडून पक्षपात झाला असावा, इथून पुढे काळजी घेईल. तुम्ही मोबाइल माझ्यापुढे धरलात. "पाहा. माणूस एवढं तरी करते काय?" मी मोबाइल घेतला आणि उलट लिहिलं, की छे, तुझे गुण बरोबर होते, महिला मंडळाचा ठेका खरंच ढिला होता, तू उगाच माफी मागितलीस. त्याने त्याबद्दलही माफी मागितली.

तुम्ही मोबाइल परत घेतलात. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "म्हणून म्हणतो. मी कबूल केलं तरी तू त्याचं काय करशील?"

सर, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत, आता तरी ऐका. मला कबुली नको होती. तुमच्या मनात काय हाललं याचे माझ्याकडे अंदाज खूप आहेत. ती बाई होती म्हणून. ती उभी राहिली म्हणून. ढाणकीकडची बोली मराठवाड्याकडे झुकते, ती तुमच्या कानाला परकी वाटली म्हणून. आणि सगळ्यात जास्त मला छळतो तो शेवटचा अंदाज: ती माझी बहीण होती, आणि सुनंदाच्या बहिणीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून. यातलं कुठलं खरं, तुम्हालाही माहीत नसेल. मानते मी. तुमचं सगळं तत्त्वज्ञान मानते. मग तुम्ही ढाणकीला येऊन प्रमिलाला तेवढंच सांगायचं होतं. 'मला माहीत नाही. पण उच्चारांचं मी मागून घातलं.' दोन वाक्यं. माईकवर दोन वाक्यं बोलायला तुम्हाला कधी जड गेलं नाही.

तुम्ही हो म्हणालात. जाऊ म्हणालात. मी गाडीही सांगितली, सकाळची थेट उमरखेडची, तिथून ढाणकी जवळच. मग तुमचा खोकला, मग लग्नसराई, मग ऊन. मी मागे लागले की म्हणायचात, "एवढं काय धरून बसली? ते एक मत होतं माझं." आणि पुन्हा मोबाइल काढून त्याला काहीतरी विचारायचात. त्याने कारणं का दिली याचं कुतूहल तुम्हाला शेवटपर्यंत होतं. तुम्ही का दिलीत याचं एवढंही नव्हतं. मला त्या यंत्राचा राग नाही, सर. त्याच्या कारणावरून कोणी गाणं सोडलेलं नाही, निदान माझ्या ओळखीत. त्याच्याबद्दल तुम्ही जे जे म्हणालात ते खरं असेल. पण ते सगळं तुम्ही आडोशासारखं वापरलंत. यंत्र असं करतं, माणूसही असंच करतो, मग कोणाला काय विचारायचं. विचारायचं ते हे: ते कारण ज्याच्या कानावर गेलं, त्याने पुढे काय केलं?

तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी मंडळं येऊन भजनं म्हणत होती, तेव्हा प्रमिलाही आली होती. ढाणकीहून एकटी. काकूंनी तिचा हात धरून म्हटलं, एक म्हण, त्यायले तुयं गाणं आवडे. हे काकूंनी खरं सांगितलं की सांत्वनाला, मला माहीत नाही. प्रमिलाने मान हलवली आणि टाळ घेऊन मागे बसली. शेवटपर्यंत टाळ वाजवले. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाडीत बसवायला बसस्थानकावर नेलं. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून मी इतके दिवस थांबले होते; तुम्ही गेलात, आता ते बंधन संपलं, असं मनाशी ठरवून मी तिला सगळं सांगितलं. बेरीज आधी लिहिली होती. उच्चार मागून आले. पुरुष मंडळाला काय म्हणालात ते सांगितलं. मोबाइलवरचे प्रयोगही सांगितले. ती पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल किंवा तुम्हाला शिव्या देईल. दोन्हींची माझी तयारी होती.

ती म्हणाली, "सर गेले म्हणून आता काहीही सांगशील का, ताई?"

मी म्हटलं, ते जिवंत असतानाच सांगायला हवं होतं, ते स्वतः येणार होते.

"नाही आले ना मग." मग म्हणाली, "त्यायनं मले एक कारण तरी देल्लं. तू म्हणतं, कारणच नोतं. मंग मी काय सुधरवू?"

सुधारायचं काही नव्हतंच, म्हटलं मी. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मीच काहीतरी वाईट बोलले.

मग तिने सांगितलं. त्या वर्षापासून ती रोज दुपारी, घरात कोणी नसताना, पेपर मोठ्याने वाचते. अग्रलेख, जाहिराती, निविदा, सगळं. जोडाक्षरं वेगळी काढून म्हणते. सरांपुढे एकदा पुन्हा गायचं होतं, उच्चार पक्के झाले की. म्हणून मंडळाला तिनेच थांबवलं होतं, तोवर. काल तुमच्या घरी तोंड उघडलं नाही, ते अजून पक्के झाले नाहीत असं तिला वाटत होतं म्हणून.

आणि तिने मला वाचून दाखवलं. समोर भिंतीवर प्रवाशांसाठी सूचना लावलेली आहे, ती. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येक जोडाक्षर दोन तुकड्यांत, वाक्याला ना चढ ना उतार. माझ्या बहिणीचा आवाज त्यात कुठेच नव्हता. बाकावरच्या बाया वळून पाहू लागल्या. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आता जमते ना?"

मी जमतं म्हणाले. उमरखेडची गाडी लागली, ती चढली, मी माईकवर घोषणा केली.

सर, शब्द कुठवर पोचतो हे मला कळतं, म्हणून सांगते. तुम्ही रकान्यात लिहिलंत तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे. आता ती पुन्हा तुमच्यापुढे उभी राहिली असती, तर मीसुद्धा उच्चारांचे गुण कापले असते.